उभ्या गव्हाचा वानवळा

धन्यकुमार मगदूम मला पहिल्यांदा दिसला तो विंगेत, गव्हाच्या पोत्यावर बसलेला. आमच्या संगीत नाटक मंडळीचा मुक्काम तेव्हा सांगलीला होता आणि मंडळीच्या स्वयंपाकघरात खपली गहू यायचा तो त्याच्या वडिलांच्या शेतातून, कृष्णाकाठच्या एका गावाहून. गाडीबरोबर आलेला, मिसरूड फुटू लागलेला हा मुलगा पोतं आत न्यायचं विसरला आणि त्याच पोत्यावर बसून आमचा सबंध अंक बघत राहिला. मी वाईचा, त्या वेळी कोवळ्या गळ्याचा, म्हणून राणीच्या भूमिकेत होतो. आत येऊन मी मुकुट उतरवला तर हा समोर उभा.

"आवं, मगाशी तुमी देवाची शपथ घेतली, ती खरी का खोटी?"

"नाटकातली," मी म्हणालो.

"म्हंजे खोटी." तो जायला वळला आणि पुन्हा फिरला. "पन देवाचं नाव तर खरंच घेतलं की."

आमचे मॅनेजर त्याला हसले. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून आमची मैत्री जमली ती त्याच्या शेवटापर्यंत टिकली. पुढे मंडळी मोडली, पडदे विकले गेले, मी सांगलीतच एका खोलीत राहून मुलांना नाट्यपदं शिकवू लागलो. धन्यकुमार शेतकरी झाला. आपल्या भागात जैन शेतकरी पुष्कळ. कष्टाळू, नेमस्त माणसं. पण धन्यकुमारचा नेमस्तपणा त्यांच्यातही उठून दिसायचा. तो पिकावर कीटकनाशक मारायचा नाही. मावा पडो, अळी पडो, हा बांधावर उभा राहून बघत राहायचा. शेजारचा आप्पासो चौगुले, याचा बालमित्र, भिंतीला भिंत लागून घर, रोज एकदा तरी टोमणा मारल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे.

"धन्या, तुझ्या रानात मालक किडं हायत. तू नुसता वाटेकरी."

"त्यांचं पोट बारकं असतंय, आप्पा."

"पोट बारकं, पन खानदान मोठं हाय त्यांचं!"

यावर धन्यकुमार हसायचा आणि विषय संपायचा.

खपली गहू हे त्याच्या घराचं भूषण. लालसर, लांबट दाणा, उखळात सडल्याशिवाय टरफल न सोडणारा. त्याची खीर, जिला सीमेकडची माणसं हुग्गी म्हणतात, ती त्याच्या बायकोच्या, चंदनबाला वहिनींच्या हातची ज्यानं खाल्ली त्याला दुसरी गोड लागायची नाही. पण खपलीला एक खोड असते. ताट उंच वाढतं, माणसाच्या छातीला लागतं. ओंबी भरली की वर जड, खाली काडी नाजूक. फाल्गुनात एक वाऱ्याची वावटळ आली की सगळं शेत एका अंगावर झोपतं. शेतकरी त्याला 'गहू लोळला' म्हणतात. लोळलेल्या गव्हात ओल राहते, उंदीर शिरतात, दाणा पोचट होतो, काळा पडतो, आणि घरात आणल्यावर त्याला कीड लवकर लागते. शेवटचं पाणी जरा जास्त झालं की धन्यकुमारचा गहू हमखास लोळायचा.

दुसऱ्या एखाद्या घरात एवढ्यानं काही बिघडलं नसतं. इथे बिघडत होतं, कारण वहिनींची एक इच्छा होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांना एकदा तरी दिगंबर मुनिमहाराजांना आहार द्यायचा होता, तो आपल्या रानातल्या गव्हाचा. मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत अन्न घेतात. अन्नात एखादा जीव निघाला, केस निघाला, तर तिथेच ओंजळ सोडतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीही घेत नाहीत. मग किडीचा संशय असलेला गहू कोण शिजवील? विकतचा आणून करणं वहिनींच्या मनाला पटत नव्हतं. "आपन गहू पिकिवतो आनि म्हाराजांस्नी बाजारातला घालायचा व्हय?" त्या म्हणायच्या. गावात मुनी आले की हे नवरा-बायको दुसऱ्याच्या दारात जाऊन हात जोडून उभे राहत. असं करता करता दोघांचेही केस पिकले.

पंचाण्णव सालच्या पावसाळ्यानंतर सयाजी माझ्याकडे आला. हा पाटणचा पोरगा. त्याचे वडील गावच्या जत्रेत नाटकं बसवायचे, त्या ओळखीनं तो मला नाना म्हणायचा. साताऱ्याच्या बाजूला गव्हावर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात तो नोकरीला होता.

"नाना, उंच वाढनारा आनि दरसाली लोळनारा गहू पायजे," तो म्हणाला. "औषधाचा प्रयोग करायचा हाय. ताटाची वाढ आवरनारं औषध. काडी आखूड आनि जाड हुती, वाऱ्याला दाद देत न्हाई."

मी त्याला सरळ धन्यकुमारच्या बांधावर नेऊन उभा केला.

धन्यकुमारनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "ह्यानं मरतंय काय?"

"म्हंजे?"

"किडा, मुंगी, गांडूळ. काय मरतंय?"

सयाजी हसला. "काय बी मरत न्हाई, काका. ह्ये मारायचं औषध न्हवंच. झाडाच्या अंगात उंच व्हायचा जो रस असतोय, तेवढा आवरतंय. झाड आपली ताकद उंचीत न घालता बुडात घालतंय."

धन्यकुमारनं वहिनींकडे पाहिलं. वहिनी पदर सावरून म्हणाल्या, "आनि गहू लोळनार न्हाई?"

"वारा आला तरी उभा ऱ्हाईल, काकी. मी लिहून देतो."

"लिहून नगं. उभा ऱ्हायला म्हंजे झालं."

असा तो प्रयोग सुरू झाला. दिवाळीनंतर पेर झाली. गव्हाला फुटवे येऊन ताटाला पेरं सुटू लागली, त्या बेताला सयाजीनं पाठीवर पंप घेऊन स्वतः फवारा मारला. विहिरीकडचा एक वाफा त्यानं मुद्दाम तसाच ठेवला, तुलनेसाठी. त्याला तो 'कोरा वाफा' म्हणायचा. गावात मात्र प्रयोगाचं नाव पडलं 'बुटकं औषध'. आप्पासोला तर नवीन पीकच मिळालं.

"सयाजीसायेब, ह्ये औषध मानसाला चालतंय का? आमची सूनबाई माझ्यापरीस उंच हाय. मान वर करून बोलावं लागतंय."

"तुमीच खुर्चीवर हुबं ऱ्हावा की, आप्पा!" सयाजीही कमी नव्हता.

सूनबाई म्हणजे ब्राह्मी. आप्पासोच्या थोरल्या मुलाची बायको. शिकलेली, हसतमुख. चंदनबाला वहिनींना मूलबाळ नव्हतं आणि ब्राह्मीला सासू नव्हती, त्यामुळे त्या दोघींमधली भिंत नावालाच होती.

पौष-माघात मी अधूनमधून जायचो. फवारलेला गहू हिरवागार काळपट दिसायचा, पानं रुंद. कोरा वाफा वाढत वाढत छातीला लागला, हा कमरेशी थांबला. रंगमंचावर एक उंच, देखणा, पण पाय लटपटणारा नट असतो आणि एक ठेंगणा, पण जमिनीत रोवल्यासारखा उभा राहणारा असतो, तसे ते दोन वाफे शेजारी शेजारी दिसत. आणि मग फाल्गुनाच्या शेवटी दुपारी आभाळ भरून आलं. पाऊस चार शिंतोडेच पडला, पण वारा असा सुटला की आप्पासोच्या गोठ्याचे पत्रे उडाले. वारा थांबल्याबरोबर धन्यकुमार आणि वहिनी रानाकडे गेले. मी त्या दिवशी तिथेच होतो, त्यांच्या मागोमाग चाललो.

कोरा वाफा सपाट झाला होता. जणू कुणी त्यावर लोळण घेतली होती. आणि त्याच्या पलीकडे सगळं रान उभं. वारा अजून मंद वाहत होता आणि पिवळट ओंब्या एकमेकींना लागून सळसळ करत होत्या. वहिनी त्या गव्हात शिरल्या. कमरेएवढ्या गव्हातून हात फिरवत त्या पार मधोमध गेल्या आणि तिथे नुसत्या उभ्या राहिल्या. धन्यकुमार मला म्हणाला, "नाना, हिला असं हुबं ऱ्हायल्यालं मी किती सालांत बघितलं न्हाई."

मळणी झाली. सयाजीनं दोन्हीकडची रास वेगवेगळी मोजून घेतली. उभ्या गव्हाचा उतारा लोळलेल्यापेक्षा कितीतरी चढ. गावचे लोक बघायला आले तेव्हा सयाजी जे बोलला त्याचं मला कौतुक वाटलं. "असं समजू नगा की औषधानं दानं वाढलं. दाना एकेक बघितला तर तिळभर बारीकच हाय. वारा आला नसता तर दोन्ही वाफं सारखंच उतरलं असतं. औषधानं दानं दिलं न्हाईत, दानं राखलं. काड मात्र कमी. जनावरांस्नी यंदा आतरायला कमी पडंल, त्ये बी सांगतो."

आणि मग धन्यकुमारनं वानवळा वाटला.

वानवळा म्हणजे काय ते आपल्याकडे सांगायला नको, पण शहरात वाढलेल्या मुलांसाठी सांगतो. नवं पीक घरात आलं की स्वतः खाण्याआधी थोडं शेजारीपाजारी, सोयऱ्यांकडे पाठवायचं. विकत नाही, उसनं नाही, दानही नाही. आमच्या आनंदातला हा तुमचा वाटा, एवढाच त्याचा अर्थ. लोळलेल्या, काळ्या गव्हाचा वानवळा धन्यकुमार लाजत लाजत पाठवायचा. या वर्षी त्यानं सुपं भरून पाठवली. पहिलं सूप आप्पासोच्या घरी. वहिनींनी स्वतः नेऊन ब्राह्मीच्या हातात दिलं.

"बघ, एक तरी काळा दाना हाय का?"

"काकू, ह्यो खायाचा न्हाई, देव्हाऱ्यात ठेवायचा गहू हाय," ब्राह्मी म्हणाली.

चैत्र अर्धा सरला आणि बातमी आली की एक मुनिमहाराज पायी विहार करत धन्यकुमारच्या गावाकडे येत आहेत. अक्षय्य तृतीयेला गावात असतील. जैनांच्यात त्या दिवसाचं माहात्म्य मोठं. आदिनाथांना पहिला आहार मिळाला तो याच तिथीला, असं मानतात. वहिनींनी घर सारवून काढलं. खपली सडून आणली, पाखडली. नवऱ्यासाठी नवं धोतर, उपरणं. सगळी तयारी झाली आणि तेव्हा धन्यकुमार माझ्याकडे सांगलीला आला. चेहरा उतरलेला.

"नाना, मुनी दारात आलं की आमाला एक वाक्य म्हनावं लागतंय. मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे. त्ये म्हनल्याबगार म्हाराज आत येत न्हाईत. माझ्या तोंडातनं त्ये निघंल का?"

"का निघू नये? गव्हात एक कीड नाही."

"कीड न्हाई. औषध हाय का न्हाई, त्ये ठावं न्हाई."

त्याच संध्याकाळी आम्ही सयाजीला निरोप पाठवला. तो दुसऱ्या दिवशी गावी धन्यकुमारच्या घरी आला, मीही तिथे होतो. खोटं बोलून मोकळं होणं त्याला सोपं होतं, पण तो तसा पोरगा नव्हता. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काका, फवारलेलं झाडात जातंय, झाडातनं दान्यात थोडंफार उतरतंयच. लय थोडं. त्यानं खानाराला अपाय हुतोय असं आमाला कुटं दिसलं न्हाई. मी सवता खातो, माझ्या घरात खात्यात. पन अजिबात न्हाई का, असं इचारलंसा तर न्हाई म्हनता येनार न्हाई."

"झालं," धन्यकुमार म्हणाला. रागानं नव्हे. एखाद्याला रस्ता विचारावा आणि त्यानं खरा रस्ता सांगावा, तसं तो सयाजीकडे बघून मान हलवत होता. "तू बरं केलंस, बाबा."

वहिनी चुलीपाशी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अपाय न्हाई म्हनतोय की पोरगं."

"अपायाचं वाक्य न्हाई त्ये, चंदनबाला. शुद्धीचं हाय."

"आवं, मंग आमी कवा? मेल्यावर?"

वहिनी उठल्या, सडलेल्या खपलीचा डबा उचलून आतल्या खोलीत ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "कोऱ्या वाफ्यातला तर काळाच पडलाय. जोंधळा निवडायला घेती. जोंधळ्यावर तर काय मारलं न्हाई न्हवं?" त्यांचा आवाज शांत होता. मी आयुष्यभर शोकाच्या भूमिका केल्या, पण इतक्या शांतपणे डबा उचलून ठेवणं मला कधी साधलं नाही.

अक्षय्य तृतीयेला मी सकाळीच गेलो. मी जैन नसल्यानं मला आहाराच्या जागी जाता येत नव्हतं, पण अंगणातून सगळं दिसत होतं. गल्लीत दारोदारी नवरा-बायको सोवळ्यात, हातात नारळ ठेवलेले कलश घेऊन उभे. महाराज बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, निघाले. वृद्ध, काटक शरीर, उजव्या हाताची बोटं खांद्याला लावलेली, ही आहाराला निघाल्याची खूण. आहाराला निघताना मुनी मनात एक संकल्प करतात आणि तो जिथे जुळेल त्याच दारात थांबतात. तो संकल्प कुणाला ठाऊक नसतो. धन्यकुमारच्या दारापाशी त्यांची पावलं क्षणभर मंदावली. वहिनींनी कलश वर उचलला. मग महाराज पुढे गेले आणि आप्पासोच्या दारात थांबले.

"नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु!" आप्पासोचा घोगरा आवाज गल्लीभर घुमला. "मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे!" ते त्यानं इतक्या आनंदानं म्हटलं की मीही नकळत हात जोडले.

एका दारात मुनी थांबले की बाकीच्या दारातले लोक सोवळ्यातच तिथे जातात. त्यांनाही ओंजळीत एखादा घास द्यायला मिळतो. धन्यकुमार आणि वहिनी गेले. मी आप्पासोच्या अंगणात जाऊन खिडकीशी उभा राहिलो. महाराजांनी आहाराला सुरुवात केली. पाणी झालं, दूध झालं, मग ब्राह्मीनं खिरीचं पातेलं पुढे घेतलं. ओंजळीत खिरीचे चमचे पडू लागले. ब्राह्मी वहिनींच्या कानाशी वाकली. तिचा चेहरा आनंदानं फुललेला.

"काकू, तुमच्याच वानवळ्याचा गहू. मी मुद्दाम ठेवला हुता."

वहिनी खिरीच्या पातेल्याकडे बघत राहिल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ब्राह्मीचं बोलणं त्याच्या आणि खिडकीत माझ्याही कानावर आलं होतं. त्याला सगळं कळलं. वानवळ्याची आठवण त्या दोघांपैकी कुणालाच राहिली नव्हती. आपण काय शिजवायचं आणि काय नाही, यातच दोघं गुंतले होते. वानवळा आणि आहार या दोन गोष्टी त्यांच्या मनात कधी एकत्र आल्याच नाहीत.

आणि त्याच वेळी आप्पासोनं चमचा धन्यकुमारच्या पुढे केला. खुणेनं म्हणाला, ये, दे. घास देणाऱ्यालाही आधी तेच वाक्य म्हणावं लागतं.

धन्यकुमार पुढे झाला. "मनशुद्धी," तो म्हणाला. "वचनशुद्धी..." आणि थांबला. सगळे त्याच्याकडे बघू लागले. महाराजांची ओंजळ त्याच्यासमोर होती. तो एक शब्द बोलला असता तर ती ओंजळ तिथेच सुटली असती आणि त्या वृद्ध माणसाला वैशाखाच्या उन्हात दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यावाचून राहावं लागलं असतं. न बोलावं तर डोळ्यांदेखत अशुद्ध घास जात होता. त्यानं चमचा आप्पासोच्या हातात परत दिला, हात जोडले, आणि मागच्या मागे पावलं टाकत बाहेर आला. माझ्या शेजारून गेला, पण मी त्याला दिसलो नाही.

मागून कुजबूज सुरू झाली. "त्याच्या दारात थांबलं न्हाईत, मनाला लागलं गड्याच्या." "एवढा धर्माचा मानूस, पन बघा मत्सर कसा असतोय." आप्पासोही हिरमुसला. आपल्या आनंदात याला आनंद नाही, हे त्याला झोंबलं असणार.

दुपारी धन्यकुमार एकटा बस्तीत गेला. तिथे काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं. महाराजांसमोर बसून त्यानं सगळं सांगितलं. गहू माझ्या शेतातला, त्यावर औषध मारलेलं, मला ठाऊक होतं, आणि आहार चालू असताना मी गप्प राहिलो. महाराजांनी शेवटपर्यंत ऐकलं. उद्याचा आहार मी सोडतो, म्हणाले. त्याला त्यांनी वर्षभर गहू सोडायला सांगितलं, पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत. धन्यकुमारनं विचारलं, "स्वामी, मी तवाच बोलायला पायजे हुतं का?" महाराजांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी मुनींनी आहार घेतला नाही, ही गोष्ट गावात लपून कशी राहणार? आणि आहार झाला होता तो आप्पासोच्या घरी. आप्पासो तावातावानं धन्यकुमारच्या अंगणात आला. मी तिथेच होतो.

"माझ्या दारात म्हाराजांस्नी इख वाढलं, म्हनून सांगून आलास व्हय रं?"

"इख न्हाई म्हनलं, आप्पा. माझा गहू हाय म्हनलं."

"तुझा गहू! तूच दिलास की! सुपानं आनून दिलास! तवा तुझी जीभ कुटं गेली हुती?"

"तवा मला ठावं न्हवतं."

"आनि ठावं झाल्यावर? भिताडाला भिताड लागून हाय. एक हाक मारली असती तर काय मेला असतास? माझी सून रडून रडून अर्धी झालीय. जल्मात एकदा म्हाराज माझ्या दारात आलं, आनि त्ये बी तू..." त्यानं खांद्यावरचा पंचा झटकला. "आता तुझा वानवळा नगं आनि तूबी नगं."

तो गेला. धन्यकुमार खांबाला टेकून बसला. "खरं हाय त्याचं," तो म्हणाला. "एक हाक मारायची ऱ्हायली."

त्यानंतर वर्षभर एका घरातून दुसऱ्या घरात शब्द गेला नाही. सकाळचा टोमणा बंद झाला. ब्राह्मी मात्र आप्पासो शेतावर गेला की वहिनींकडे येऊन बसायची. दोघी फारसं बोलायच्या नाहीत, शेजारी बसून शेंगा फोडायच्या. धन्यकुमारनं गहू सोडला. लग्नाकार्यात पंगतीत सगळे पोळी खायचे आणि हा भाकरीचा तुकडा मोडत बसायचा. कुणी विचारलं तर "जोंधळा मानवतोय" म्हणायचा.

सयाजीला वाटलं होतं की हा माणूस आता त्याला बांधावर पाऊल ठेवू देणार नाही. रब्बीच्या तोंडाला तो घाबरतच आला. धन्यकुमार म्हणाला, "रान तुझं हाय. मार फवारा. औषधाचा काय दोष न्हाई, त्यानं त्याचं काम केलं. फकस्त हिरीकडचा वाफा मला सोड. त्येच्यावर पंपाचं तोंड बी फिरवू नगंस."

तो वाफा नवरा-बायकोनं मुलासारखा सांभाळला. शेवटचं पाणी बेतानं दिलं. उंच वाढू लागल्यावर धन्यकुमारनं चारी बाजूंनी तुरीच्या तुराट्या रोवल्या आणि आडवी सुंभाची दोरी ओढली. तरी वारा आलाच, आणि अर्धा वाफा लोळलाच. वहिनी रोज सकाळी जाऊन लोळलेली ताटं हातानं उचलायच्या आणि उभ्या ताटांना टेकवायच्या. कापणी झाल्यावर त्यांनी ओंबीओंबी वेगळी केली. पोचट, काळा, किडका दाणा बाजूला. त्यातला किडा निघाला तर तो कागदावर घेऊन बांधावर सोडायच्या. इतकं करून जे उरलं ते एका पातेल्याच्या खिरीपुरतं. त्या वर्षी त्यांनी वानवळा कुणालाच पाठवला नाही.

अक्षय्य तृतीया आली. त्या साली एकही मुनी आसपास नव्हते, सगळे लांब कर्नाटकात विहार करत होते. मला वाटलं, आता ही दोघं काय करणार? पण आहाराच्या वेळेला दारात उभं राहून वाट बघायची, कुणी आलं नाही तर मग आपण जेवायचं, अशी यांच्यात रीत आहे. मी गेलो तेव्हा वहिनींनी खीर चुलीवरून उतरवली होती. धन्यकुमार नव्या धोतरात. दोघं कलश घेऊन दारात उभे राहिले. गल्ली उन्हानं पांढरी पडलेली. एक कुत्रं सावलीत निजलेलं. बाकी चिटपाखरू नाही. मी ओट्याच्या कडेला बसलो.

बराच वेळ गेला. ऊन डोक्यावर चढू लागलं. नेमाप्रमाणे आता आत जाऊन जेवायची वेळ झाली. धन्यकुमार वळला, तशा वहिनी म्हणाल्या, "म्हना की."

"कुनाला?"

"म्हना. औंदा म्हनता येतंय न्हवं?"

धन्यकुमार पुन्हा रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. कलश छातीशी धरला. "मनशुद्धी," तो पुटपुटला, "वचनशुद्धी, कायशुद्धी..."

शेजारच्या दारात आप्पासो येऊन उभा होता. कधी आला ते मलाही कळलं नाही. उघडा, खांद्यावर पंचा, चेहरा पहिल्यासारखाच तिरसट. त्याच्या मागे ब्राह्मी.

"लय बारीक बोलतोयस," आप्पासो म्हणाला. "हितं ऐकू येत न्हाई. पयल्यापासनं म्हन."

धन्यकुमारनं त्याच्याकडे पाहिलं. मग मान ताठ केली आणि रिकाम्या गल्लीकडे बघत, स्वच्छ, मोठ्या आवाजात ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं.